बँडेलचे चीज आणि अनामिकांचे ऋण

पवित्र शास्त्रात चीजचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी येतो. परंतु जेथे येतो तेथे तो लक्षात राहतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात इशाय आपला धाकटा मुलगा दावीद याला रणभूमीवरील भावांकडे धाडतो, तेव्हा भावांसाठी भाजलेले धान्य आणि भाकरी देतो व त्यांच्या सरदारासाठी चीजच्या दहा वड्या बांधून देतो. पुढे जे घडले ते जगाला ठाऊक आहे. दाविदाची गोफण इतिहासात अजरामर झाली. त्या दहा वड्या कोणी थापल्या होत्या याची कोणी विचारपूस केली नाही. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफस याने यरुशलेम नगरीचे वर्णन करताना तेथील एका दरीचे नाव 'तायरोपियन', म्हणजे चीज करणाऱ्यांची दरी, असे दिले आहे. दरीला नाव मिळाले. त्या दरीत दूध आटवणाऱ्या, फोडणाऱ्या, गाळणाऱ्या एकाही माणसाचे नाव आपल्याजवळ उरलेले नाही.

इतिहासलेखनाची ही जुनी रीत आहे. किल्ला जिंकणाऱ्याचे नाव शिलालेखात जाते, किल्ल्याला दूध पुरविणारा गवळी मात्र निनावी राहतो. आम्ही ज्या चीजविषयी लिहीत आहोत ते बंगालमधील आहे आणि त्याचे नाव एका ख्रिस्ती तीर्थक्षेत्रावरून पडले आहे. 'दूध फोडण्याची विद्या बंगालला पोर्तुगीजांनी दिली' अशी एक समजूत त्याच्याभोवती दृढ झाली आहे. ही समजूत ख्रिस्ती वाचकाच्या कानाला गोड वाटते. ती कितपत खरी आहे, आणि ती पूर्ण खरी नसेल तर आपल्या पदरात नेमके काय उरते, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. वसई प्रांतावर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. तेव्हा 'पोर्तुगीजांनी तुम्हांला काय दिले?' हा प्रश्न आपल्यालाही अपरिचित नाही.

हुगळीकाठचे बंदर

कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर बँडेल हे गाव वसले आहे. 'बंदर' या शब्दाचाच पोर्तुगीज उच्चारात बँडेल झाला. पोर्तुगीज जहाजे बंगालच्या किनाऱ्यास, चितगावास, सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लागली. हुगळीस त्यांची स्थिर वसाहत झाली ती मात्र १५८० च्या सुमारास, सम्राट अकबराच्या परवानगीने. व्यापारी आले, त्यांच्या मागोमाग ऑगस्टिनियन संघाचे मठवासी आले, आणि १५९९ मध्ये तेथे चर्च उभे राहिले. ते साल कोरलेला दगड आजही जपून ठेवलेला आहे.

१६३२ च्या पावसाळ्यात शाहजहानच्या सैन्याने हुगळीस वेढा घातला. सुमारे तीन महिन्यांच्या झुंजीनंतर वसाहत पडली, चर्च उद्ध्वस्त झाले आणि हजारो स्त्री-पुरुषांना कैद करून आग्र्यास नेण्यात आले. पाद्री जुआंव द क्रूझ यांना मदोन्मत्त हत्तीपुढे टाकले असता हत्तीने त्यांना न तुडवता सोंडेने उचलून पाठीवर घेतले, ही कथा भाविक अद्याप सांगतात. परंपरेनुसार त्यानंतर बादशहाने ख्रिस्ती लोकांना परतण्याची मुभा दिली आणि चर्चसाठी ७७७ बिघे जमीन इनाम दिली. १६६० मध्ये चर्च पुन्हा बांधले गेले. पवित्र जपमाळेच्या मातेला वाहिलेल्या या मंदिराला १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी बॅसिलिकेचा दर्जा दिला. पोर्तुगीजांचे राजकीय वैभव हुगळीस परत कधी आले नाही. दोन गोष्टी मात्र मागे राहिल्या, मातेचे मंदिर आणि गावाच्या नावाने ओळखली जाणारी चीजची लहानशी वडी.

वडीची चव

कोलकात्याच्या न्यू मार्केटमध्ये, म्हणजे १८७४ मध्ये उघडलेल्या हॉग साहेबांच्या मंडईत, चीज विकणाऱ्या मोजक्या दुकानांत बँडेल चीज आजही मिळते. आम्ही तेथे गेलो तेव्हा काचेच्या कपाटात त्याच्या दोन रांगा मांडलेल्या होत्या. एक पांढरी, दुसरी तपकिरी. आकाराने पेढ्याहून थोडी मोठी, चपटी, गोल वडी. पांढरी ती साधी, तपकिरी ती धुरावर धरलेली. दुकानदाराने विकण्यापूर्वीच बजावले की, हे असेच तोंडात टाकू नका, रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा.

तरीही धुरकट वडीचा एक कण आम्ही तसाच चाखून पाहिला. प्रथम जिभेला लागते ते मीठ, आणि तेही खारवलेल्या सुक्या मासळीसारखे, बेतशीर नव्हे. त्यामागून धुराचा वास नाकात चढतो. शेवटी, मीठ आणि धूर ओसरल्यावर, गाईच्या दुधाचा किंचित आंबूस गोडवा उरतो. दातांखाली ते ठिसूळ लागते, भुरभुरते. विस्तवावर धरले तरी वितळून लांब तार धरत नाही. दुसऱ्या दिवशी भिजवलेली वडी पावाबरोबर खाल्ली तेव्हा मिठाचा उग्रपणा गेला होता आणि धुराचा सुगंध तेवढा राहिला होता. हे चीज मेजवानीसाठी जन्मलेले नाही, टिकण्यासाठी जन्मलेले आहे, हे त्या दोन घासांत उमजते.

चीज बँडेलचे म्हणवते, परंतु आज ते बँडेलात होत नाही. हुगळी जिल्ह्यातील तारकेश्वराचा परिसर आणि शेजारच्या बांकुडा जिल्ह्यातील काही गावे येथील थोड्या कुटुंबांच्या हाती ही कला उरली आहे. तारकेश्वर हे शिवाचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. मातेच्या मंदिराचे नाव धारण करणारी ही वडी शिवाच्या गावच्या गवळ्यांनी जगवली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

एका धर्मगुरू मित्राला वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन आम्ही अशा दोन घरांना भेटी दिल्या. पद्धत साधी आहे. गाईचे दूध तापवायचे. त्यात आदल्या दिवशीची आंबलेली निवळी किंवा लिंबाचा रस घालून ते फोडायचे. फडक्यातून गाळून छाना वेगळा करायचा. भोके पाडलेल्या लहान साच्यांत तो दाबून बसवायचा. मीठ लावून पाणी निथळू द्यायचे. आणि ज्या वड्या धुरकट करायच्या त्या लाकडाच्या मंद धुरावर ठेवायच्या. मिठाचे प्रमाण किती, असे आम्ही विचारले तेव्हा घरच्या बाईंनी काही न बोलता आपला तळहात पुढे केला. तोच त्यांचा तराजू होता. पोर्तुगीजांविषयी विचारता घरधनी म्हणाले, "फादर, ते कोण ते आम्हांला नाही ठाऊक. आजोबांनी वडिलांना शिकवले, वडिलांनी मला." मुलगा हे शिकतो काय, या प्रश्नावर ते केवळ हसले. मुलगा कोलकात्यास नोकरीला आहे.

समजुतीची परीक्षा

आता त्या दृढ समजुतीकडे वळू. तिची मांडणी थोडक्यात अशी आहे : प्राचीन भारतीय परंपरेत दूध पवित्र; ते मुद्दाम आंबट घालून फोडणे अशुभ मानले जाई. श्रीकृष्णाच्या बाललीलांत दूध, दही, लोणी, तूप सर्व आहे, परंतु छाना नाही. पोर्तुगीज आले, त्यांना चीजची आवड. त्यांच्या सहवासात बंगाली हलवायांनी दूध फोडण्याचा धीर केला, आणि त्यातून पुढे संदेश, रसगुल्ला आदी मिठाया जन्मास आल्या. भारतीय अन्नाचे साक्षेपी इतिहासकार के. टी. अचया यांनीही १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मताला पुष्टी दिली. त्यामुळे ते सर्वत्र पसरले.

या मतात तथ्याचा अंश आहेच. आपल्या मराठीतही दूध 'विरजणे' आणि दूध 'नासणे' यांत केवढे अंतर आहे! दोन्ही क्रियांत आंबटपणानेच दुधाचे रूप पालटते. परंतु पहिलीत दही लावल्याचे समाधान आहे, दुसरीत 'नाश' हा शब्दच दडलेला आहे. सणासुदीला दूध नासले तर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. मात्र तीच गृहिणी नासलेले दूध फेकून न देता त्यात साखर घालून ते आटवते, हेही आपण पाहतो. निषेध आणि उपयोग एकाच चुलीवर नांदतात. तेव्हा निषेध होता म्हणून ज्ञानच नव्हते, असे अनुमान काढता येत नाही.

या मताच्या बाजूने जो साक्षीदार वारंवार उभा केला जातो, तो फ्रेंच वैद्य व प्रवासी फ्रांस्वा बर्निए. सतराव्या शतकाच्या मध्यास तो हिंदुस्थानात होता. बंगाल मिठाईसाठी प्रसिद्ध आहे आणि विशेषतः जेथे पोर्तुगीजांची वस्ती आहे तेथे ती उत्तम होते, असे त्याने नमूद केले आहे, हे खरे. परंतु त्याच्या पुढचा मजकूर वाचला की चित्र पालटते. तो नावे घेतो ती लिंबूवर्गीय मोठ्या फळांची, आंब्याची, अननसाची, आवळ्यासारख्या फळांची, आल्याची. म्हणजे तो बोलतो आहे साखरेत मुरवलेल्या फळांविषयी, आपण ज्यांना मुरंबे म्हणतो त्यांविषयी. त्या यादीत छाना नाही.

दुसरी साक्ष आपल्या दख्खनचीच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला. आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा चालुक्यांच्या अंमलाखाली होता. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. गो. कृ. श्रीगोंदेकर यांनी त्याचे संपादन केले, हे मराठी वाचकास ठाऊक असावे. या ग्रंथात राजाच्या भोजनाचे जे प्रकरण आहे त्यात 'क्षीरप्रकार' नावाच्या पक्वान्नाची कृती येते. तापलेले दूध आंबट घालून फोडावे, वस्त्रातून गाळून घट्ट भाग घ्यावा, त्यात तांदळाचे पीठ मिसळून गोळे करून तळावेत आणि साखरेत घालावेत, असा तिचा आशय आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. त्याच्या पावणेचारशे वर्षे आधी दख्खनच्या राजवाड्यात दूध मुद्दाम फोडले जात होते आणि त्याचे पक्वान्न राजाच्या ताटात वाढले जात होते. त्याहूनही मागे गेल्यास चरकसंहितेसारख्या वैद्यकग्रंथांत 'किलाट' या नावाने दुधाच्या घट्ट भागाचे गुणदोष सांगितलेले आढळतात.

तिसरी साक्ष बंगाली वैष्णव वाङ्मयातील. कृष्णदास कविराज यांच्या 'चैतन्यचरितामृत' या ग्रंथात पुरीच्या रथयात्रेच्या प्रसंगी आलेल्या प्रसादाची भलीमोठी यादी आहे, आणि तीत छाना आहे. ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा पोर्तुगीज बंगालमध्ये येऊन चुकले होते, ही मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. परंतु ज्या पदार्थाला एक वैष्णव संत निःसंकोचपणे जगन्नाथाच्या प्रसादात मोजतो, तो पदार्थ काल-परवा परदेशी खलाशांनी शिकविलेला असेल, हे मानणे कठीण आहे.

भाषेचीही साक्ष काढून पाहावी. पोर्तुगीजांकडून जे जे आले त्यातील बरेचसे नावासकट आले. बंगालीतील गिर्जा, चाबी, बालती, जानाला, आनारस हे शब्द पोर्तुगीजांचे. आपल्याकडील इगर्जी आणि त्यांची गिर्जा या एकाच शब्दाच्या दोन लेकी. चावी, बादली, अननस यांचीही तीच गोष्ट. मात्र चीजला असलेला 'केइजु' हा पोर्तुगीज शब्द ना बंगालीत रुजला, ना मराठीत. बंगाली माणूस छाना म्हणतो तो देशी शब्दाने आणि पनीर म्हणतो तो फारसी शब्दाने.

शेवटची साक्ष खुद्द वडीच देते. युरोपातील बहुतेक प्रसिद्ध चीज रेनेटने जमवितात. हे रेनेट दूधपित्या वासराच्या जठरातून मिळते. पोर्तुगालच्या डोंगराळ भागातील सेरा द इश्त्रेला या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये त्याऐवजी एका काटेरी वनस्पतीची फुले वापरतात. रेनेटने दूध जमते तेव्हा त्याचे मऊ, लवचीक दही होते. ते दाबून महिनोन्महिने मुरविता येते आणि उष्णतेने ते वितळते. आंबट घालून फोडलेल्या दुधाचे तसे होत नाही. त्याचे कण सुटे, ठिसूळ राहतात आणि विस्तवावर ते वितळत नाहीत. बँडेलची वडी या दुसऱ्या जातीची आहे. पोर्तुगीज गवळ्याने आपली विद्या जशीच्या तशी बंगालला दिली असती तर तिच्यात रेनेट असते. ते नाही. याचा अर्थ, दूध फोडणारा हात आणि त्या हाताचे ज्ञान, दोन्ही येथलीच होती.

मग पोर्तुगीजांचे काय?

पुष्कळ काही. छाना हा एक दिवसाचा जीव. बंगालच्या उकाड्यात तो दुसऱ्या सकाळी आंबतो. त्याला लहान वडीचा घाट देणे, भरपूर मीठ चोळणे, धुरावर कोरडा करणे आणि आठवडेच्या आठवडे टिकेल असा शिधा त्यातून बनविणे ही समुद्रावर जगणाऱ्या माणसाची गरज होती. लिस्बन ते हिंदुस्थान हा प्रवास सहा-सहा महिन्यांचा असे. सुका बिस्किटपाव, खारवलेले मांस, मासे आणि टिकाऊ चीज यांवर खलाशी दिवस काढीत. ही भूक पोर्तुगीजांनी बंगालच्या छान्यापुढे मांडली आणि बंगालच्या छान्याने तिला उत्तर दिले. मूळ द्रव्य व क्रिया येथली, मागणी व टिकवण्याची दृष्टी तेथली : बँडेल चीजच्या जन्माचा हाच सर्वांत सयुक्तिक अर्थ आम्हांस वाटतो. रसगुल्ल्याचे श्रेय पोर्तुगीजांना देण्याचे तर कारणच नाही. कोलकात्याच्या बागबाजारातील नवीनचंद्र दास यांचे नाव १८६८ या सालाशी जोडले जाते. ओडिशाचा दावा जगन्नाथाच्या परंपरेचा आहे. आणि २०१७ मध्ये बंगालच्या व २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला स्वतंत्र भौगोलिक मानांकन मिळाले. त्या दोन शेजाऱ्यांच्या गोड भांडणात आपण मध्ये पडू नये, हे बरे.

परंतु एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. पोर्तुगीजांच्या घरी हे चीज मघ स्वयंपाकी करीत, असे परंपरा सांगते. आराकान व चितगावकडचे हे मघ पाककलेत निष्णात म्हणून पुढे इंग्रजांच्या काळातही ख्यात होते. त्याच काळी आराकानच्या आश्रयाने राहणारे फिरंगी आणि मघ चाचे दक्षिण बंगालच्या खाड्यांतून शिरून गावेच्या गावे लुटीत व माणसे पकडून गुलाम म्हणून विकीत. हुगळीच्या बाजारातही माणसांची खरेदी-विक्री होई. शाहजहानच्या रोषाला राजकारणाची इतर कारणे होती हे खरे. परंतु प्रजेला गुलाम केले जाते हे त्यांतील एक होते आणि ते कारण खोटे नव्हते. याची साक्ष शत्रुपक्षाची नाही, आपलीच आहे. ऑगस्टिनियन मठवासी सेबास्तियांव मानरीक हे त्या काळी बंगाल व आराकानात होते. त्यांचा प्रवासवृत्तांत १६४९ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. चाच्यांच्या स्वाऱ्या आणि पकडून आणलेल्या माणसांचे तांडे यांविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे.

तेव्हा 'आम्ही बंगालला चीज दिले' असे म्हणताना या 'आम्ही'त कोणाकोणाला घ्यायचे? जहाजाचा कप्तान आपला, वेदीपुढे गुडघे टेकणारा मठवासी आपला, आणि चुलीपाशी मीठ चोळणारा, कदाचित आपल्या इच्छेविरुद्ध तेथे आणलेला माणूस मात्र परका, असा भेद शुभवर्तमानाला मान्य होणार नाही. त्या घरातील सर्वांत मोठे ऋण आपण त्या शेवटच्या माणसाचे देणे लागतो.

कालिम्पाँगचे उदाहरण

बंगालच्याच उत्तर टोकाला, हिमालयाच्या कुशीत, याच विषयाची दुसरी बाजू दिसते. कालिम्पाँग येथे विसाव्या शतकात स्वित्झर्लंडहून आलेले धर्मगुरू फादर आंद्रे ब्युती यांनी 'स्विस वेल्फेअर डेअरी' उभारली. डोंगरातील गोपालकांच्या दुधाला खात्रीचा भाव मिळावा हा त्यामागील हेतू होता. तेथे जे चीज होऊ लागले ते कालिम्पाँग चीज म्हणून कोलकात्यापर्यंत पोहोचले. हे खरोखर बाहेरून आलेले ज्ञान होते, आणि देणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. पुढे ती डेअरी बंद पडली. चीज मात्र बंद पडले नाही, कारण स्थानिक हातांनी ते उचलून धरले. न्यू मार्केटमध्ये बँडेलच्या वड्यांशेजारी कालिम्पाँगचे फिकट पिवळे तुकडे मांडलेले असतात. त्यांची चव सौम्य, किंचित आंबट. पोत मात्र बँडेलहून घट्ट.

संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत मठवासीयांना हाताच्या श्रमांवर जगण्यास सांगितले. युरोपातील मठांनी शेती, मद्य आणि चीज यांच्या कला शतकानुशतके जोपासल्या त्या याच शिकवणुकीतून. आजही बंगळुरूमध्ये वालोंब्रोसन बेनेडिक्टाइन मठातील भारतीय संन्यासी इटालियन पद्धतीचे चीज करतात. ख्रिस्तसभेने या देशाला काय दिले, असे कोणी विचारले तर ही उदाहरणे निःशंकपणे पुढे करावीत. ती पुराव्यानिशी सिद्ध आहेत. जे सिद्ध नाही त्याचा आधार घेण्याची आपल्याला गरजच काय?

आपल्यापुरता बोध

हा सारा ऊहापोह चीजच्या एका वडीसाठी कशाला, असे वाचक विचारतील. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की आपल्या घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांत दोन प्रकारची बोलणी कानी येतात. कोणी म्हणतो, आमचे जे काही चांगले आहे ते सारे पोर्तुगीजांमुळे. कोणी बाहेरचा म्हणतो, तुम्ही लोक म्हणजे पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला गाळ. वरवर पाहता ही दोन मते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. परंतु दोहोंचा पाया एकच. येथल्या माणसाला स्वतःचे काही नव्हते आणि तो काही घडवीतही नव्हता, केवळ घेत होता, असे दोघेही धरून चालतात. बँडेलची वडी या दोघांनाही नाही म्हणते. जहाजातून भूक आली, मीठ-धुराची रीत आली. दूध या मातीचे होते आणि ते फोडणारे हात या मातीचे होते. दोहोंच्या भेटीतून जे झाले ते ना लिस्बनमध्ये होते ना पूर्वीच्या बंगालमध्ये.

आपल्या श्रद्धेविषयीही असेच म्हणता येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये मिशनकार्यावरील आपल्या दस्तऐवजातून स्थानिक ख्रिस्तमंडळ्यांना आपापल्या लोकांच्या चालीरीती, ज्ञान व कला यांतून जे उत्तम ते घेऊन वाढण्याचे आवाहन केले. ते आवाहन नवे होते. ती प्रक्रिया मात्र चुलीपाशी, शेताच्या बांधावर आणि ओवीच्या ठेक्यात कितीतरी आधी चालू झाली होती. वसईच्या आजीने शुभवर्तमान आपल्या बोलीत घोळले तेव्हा तिला कोणी दस्तऐवज वाचून दाखविला नव्हता.

आणि म्हणून एक विनंती. जादवपूर विद्यापीठातील अन्नशास्त्रज्ञांनी अलीकडच्या काळात बँडेल चीजचा अभ्यास हाती घेतला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अभ्यासक येईपर्यंत थांबण्याइतका वेळ सगळ्याच कलांजवळ नसतो. स्वातंत्र्यानंतर कोलकात्यातील अँग्लो-इंडियन, आर्मेनियन, यहुदी कुटुंबे मोठ्या संख्येने परदेशी गेली आणि या चीजचे जुने गिऱ्हाईक पांगले. इकडे करणाऱ्यांची मुले नोकऱ्यांत गेली. आपल्या गावांतही असेच घडत आहे. आमच्या चर्चच्या कपाटांत स्नानसंस्काराच्या, विवाहांच्या, मृत्यूंच्या नोंदवह्या आहेत. त्यांत नावे आहेत, परंतु त्या नावांचे हात काय करीत होते हे फारसे नाही. कोण केळी सुकवीत होते, कोण मीठ पिकवीत होते, कोणाचे लोणचे सर्व गावात वाखाणले जाई, हे आज सत्तरी-ऐंशीच्या वयोवृद्धांच्या आठवणीत आहे आणि त्यांच्याबरोबर जाईल. प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांनी एक वही घ्यावी, आपल्या आजी-आजोबांपाशी बसावे आणि करणाऱ्याच्या नावासकट कृती लिहून काढाव्यात. माप तळहाताचे असेल तर तळहात असेच लिहावे.

दाविदाच्या त्या दहा वड्या थापणाऱ्याचे नाव आता मिळणार नाही. आपल्या गावातल्यांची नावे अजून मिळू शकतात.